त्रेचाळीसला कपाट गप्प

१

डबा रिकामा होता.

कमलबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला, आत बोट फिरवून पाहिलं, मग कपाटाच्या लॉकरमधले कागद, जुनी पुस्तकं, लेकीचे दाखले सगळं पलंगावर ओतलं. आजेसासूबाईंकडून सासूबाईंना आलेली सोन्याची बोरमाळ कुठेच नव्हती. संक्रांतीचं हळदीकुंकू उद्यावर आलेलं. माळ रिठ्याच्या पाण्यात धुऊन ठेवावी म्हणून त्यांनी लॉकर उघडला होता. कुलूप शाबूत, किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला, पितळी डब्याचं फिरकीचं झाकण घट्ट बसलेलं.

"अहो! माळ न्हाई!"

बाहेरच्या खोलीत सबवूफरसमोर गुडघ्यांवर बसलेली दैवशाला ती हाक ऐकून उठली. पूर्णेच्या स्टेशन रोडला तिचं टीव्ही आणि साउंडचं दुकान होतं. आयटीआय करून तिनं आधी लग्नाच्या बँडचे भोंगे दुरुस्त केले, आता घरोघरी साउंडबार बसवून द्यायची. या घरातला वायरलेस सबवूफर, खालचे सूर घुमवणारा स्पीकर, तिनंच सोमवारी बसवला होता. आज गुरुवारी सकाळी घरच्या लेकीचा, भक्तीचा फोन आला म्हणून ती परत आली होती. बेस लावला की घरात कुठंतरी काहीतरी टिणटिणतंय, अशी तक्रार होती.

व्यंकटराव धावत आले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, सगळी गल्ली त्यांना गार्डसाहेबच म्हणायची. त्यांच्यामागे वालूरहून पाहुणे आलेले त्यांचे चुलतभाऊ दत्तराव. स्वयंपाकघरातून फडकं हातात घेऊन कासाबाई डोकावली. अकरा वर्षं या घरचं धुणं-फरशी तिच्याकडे होती.

"कधी बघितली होती शेवटची?" व्यंकटरावांनी विचारलं.

कमलबाई बोलायच्या आधीच दत्तराव बोलले. "मी सांगतो. परवा, मंगळवारी संध्याकाळी. शेताचा नकाशा काढायला तुमीच मला किल्ली दिली होती की नाना. तवा मी डबा उघडला, आजीची माळ डोळ्याला लावली अन् होती तशी ठेवली."

"म्हणजे गेली ती काल," व्यंकटराव म्हणाले.

"काल दुपारी तुमी दोघं परभणीला दवाखान्यात. तुमचा महारुद्र ड्युटीवर, भक्ती कॉलेजात, मी बाजारात." दत्तराव सावकाश वळले. "घरात एकटं कोण होतं?"

सगळ्यांच्या नजरा दारातल्या फडक्यावर गेल्या.

२

"माझी पिशवी बगा," कासाबाई म्हणाली. "आत्ताच बगा."

पिशवी बघितली गेली, तीही फाटकाबाहेर, कारण दत्तराव तिला तिथपर्यंत बोलत बोलत घेऊन गेले होते. शेजारच्या चांगुणाबाई गच्चीवरून वाकल्या. समोरच्या दोघी तिळाचे लाडू वळता वळता बाहेर आल्या. पिशवीतून निघाली एक भाकर, कांदा आणि शेळीच्या जंताच्या औषधाची बाटली.

"काल नेली असंल, आज कशी सापडंल?" दत्तराव म्हणाले. "पोलिसात द्यायचं आपल्याला शोभत न्हाई. कामावरून काढा, बास."

कमलबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी कासाबाईकडे बघितलं नाही. "उद्यापासून येऊ नको, कासाबाई."

"वैनी, तुमी म्हनायल्यात हे?"

"मग कोण नेली? भुतानं?"

कासाबाईनं पदर खोचला आणि ती फाटकाच्या खांबाला टेकून मातीत बसली. "चोर हून मी घरी जानार न्हाई. आमची सगळी वस्ती शेरड्या-मेंढ्यावर जगती, पर कुनाच्या वावरातलं कणीस सुदिक तोडलं न्हाई. माळ घावंपस्तोर मी हितंच बसनार. कुनाला उचलायचं त्यांनी उचलावं."

गल्लीत कुजबुज झाली. दत्तराव आत निघून गेले.

दैवशाला ओसरीत उभी होती. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात आपण पडू नये, हे तिला कळत होतं. पण दत्तरावांचं एक वाक्य तिच्या कानात अडकलं होतं. मंगळवारी संध्याकाळी डबा उघडला, माळ होती.

मंगळवारी सकाळी ती स्वतः याच घरात होती.

तिनं पिशवीतून आपली वही काढली. प्रत्येक घराचं एक पान असायचं: सबवूफर कुठे ठेवला, नॉब कितीवर, काय काय वाजलं. गार्डसाहेबांच्या पानावर मंगळवारच्या तारखेखाली तिच्याच अक्षरात लिहिलं होतं:

सकाळी १० वाजता. त्रेचाळीसला कपाट गप्प.

दैवशालानं वही मिटली.

३

सोमवारी सकाळी हे घर नुसतं हसत होतं.

महारुद्रनं, या घरच्या थोरल्या मुलानं, आणलेला तो काळा ठोकळा खोक्यातून निघाला तेव्हा कमलबाईंनी विचारलं होतं, "ह्याला वायर कुठंय?"

"फक्त करंटची, काकू. आवाज हवेतून येतो." दैवशालानं बटण दाबलं. ठोकळ्यामागचा निळा दिवा लुकलुकला आणि थोड्या वेळानं स्थिर झाला. साउंडबारची आणि त्याची गाठ पडली होती.

मग तिनं सबवूफर उचलून थेट सोफ्यावर, व्यंकटरावांच्या बसायच्या जागेवर ठेवला. फोनवरून एक खालचा सूर लावला आणि स्वतः भिंतीकडेनं गुडघ्यांवर रांगायला लागली.

"अगं, हे काय करायलीस?"

"जागा शोधायले. बेस खोलीत सगळीकडं सारखा लागत न्हाई. कोपऱ्यात फुगतो, मधी कुठंतरी मरतो. तो तुमच्या जागेवर बसवायचा अन् आपण जमिनीवर कान घेऊन फिरायचं. जिथं सूर नीट लागला, तिथं त्याला ठेवायचं."

कमलबाई पोट धरून हसल्या होत्या. नीट जागा सापडली ती झोपायच्या खोलीच्या भिंतीलगत. नॉब तिनं घड्याळाच्या दहावर ठेवला आणि मग शेवटची तपासणी केली. शंभर हर्ट्झपासून खाली खाली जाणारा सूर लावला की घरातली प्रत्येक सैल वस्तू आपापल्या आकड्यावर थरथरते. ऐंशीला शोकेसची काच वाजली, साठला भिंतीवरची तसबीर. दोन्हींमागे तिनं रबर लावलं. सूर त्रेचाळीसवर आला आणि आतल्या कपाटातून कुणी चाळ बांधून नाचावं तसा आवाज आला.

कमलबाईंनी लॉकर उघडला. पितळी डब्यात बोरमाळ नाचत होती. त्यांनी डब्यावर हात ठेवला, आवाज थांबला. हात काढला, पुन्हा सुरू.

"कापड घालू का आत?" दैवशालानं विचारलं.

"राहू दे. शुक्रवारी काढायचीच हाय." त्यांनी कौतुकानं झाकण फिरवलं आणि लॉकर लावला.

तेव्हा अकरा वाजले होते. दत्तराव वालूरहून आले ते त्यानंतर, दुपारी.

मंगळवारी सुतारानं साउंडबार भिंतीवर चढवला, म्हणून दैवशाला पुन्हा आली. बारची जागा बदलली की बार आणि सबवूफर कधीकधी एकमेकांचा आवाज खातात. तिनं मागचा फेजचा, लहर उलटी करायचा, खटका फिरवला, बेस भरून आला. पुन्हा तोच उतरता सूर लावला. त्रेचाळीसला कपाटातून काहीच आलं नाही. काकूंनी कापड घातलं वाटतं, असं मनात म्हणून तिनं ते वहीत टिपलं. कमलबाई तेव्हा देवळात गेल्या होत्या, विचारायचं राहून गेलं.

आता विचारायलाच हवं होतं.

४

"काकू, सोमवारनंतर तुमी डब्यात कापड, कापूस काही घातलं होतं?"

पलंगावर बसलेल्या कमलबाईंनी मान वर केली. "न्हाई ग."

"डबा हलवला? दुसरीकडं ठेवला?"

"सोमवारी तुझ्यासमोर लॉकर लावला, तो आज उघडला. डबा जिथल्या तिथं होता."

"अन् आज त्याच्यात काहीच न्हवतं? चिंधीसुद्धा?"

"काहीच न्हाई. कामून इचारायलीस?"

दैवशाला महारुद्रकडे वळली. तो ड्युटीवरून नुकताच आला होता आणि घरातला गोंधळ बघून सुन्न झाला होता. "दादा, मंगळवारी मी आले तवा नॉब बारावर होता. मी दहावर ठेवला होता. कुणी फिरवला?"

महारुद्र कावराबावरा झाला. इकडेतिकडे बघायला लागला. व्यंकटरावांचा चेहरा कठोर झाला. "काय लपवायलास रे?"

"मीच फिरवला," तो पुटपुटला. "सोमवारी संध्याकाळी. ताईनं सांगितलं होतं हात लावू नका म्हणून. पिक्चर लावला अन् ऱ्हावलं न्हाई."

त्या परिस्थितीतही भक्तीच्या तोंडून हसू फुटलं. दैवशाला मात्र हसली नाही. तिच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं होतं. मंगळवारी तिनं आधी सूर लावून बघितला होता आणि नॉब नंतर उतरवला होता. म्हणजे मंगळवारी आवाज सोमवारपेक्षा मोठा होता. डब्यात माळ असती तर ती जास्तच वाजली असती.

"भक्ती, तुझं ते टिणटिण कधीपासून?"

"मंगळवार संध्याकाळपासून. सकाळी न्हवतं. बाजूच्या गॅलरीकडून येतंय असं वाटतं, पर तिथं गेलं की कळत न्हाई."

गॅलरीत काय होतं? दैवशाला बघायला गेली. सुकत घातलेले पापड, जुनी सायकल आणि फरशीवर कूलरच्या चार पायांचे गंजके ठसे.

कूलर नव्हता.

फाटकाबाहेर टेम्पोचं इंजिन सुरू झालं.

५

"थांबवा!" दैवशाला ओसरीतून ओरडली.

टेम्पोवाल्या नागसेननं दचकून इंजिन बंद केलं. मागे दोरीनं बांधलेला पत्र्याचा जुना कूलर उभा होता. दत्तराव पुढच्या सीटवर पाय ठेवत होते. कासाबाई अजून खांबाला टेकून होती आणि गल्ली तिच्याभोवती जमलेली होती.

"कूलर कुठं चाललाय?"

"वालूरला. परवाच नानाला मागितला होता, त्यांनी घेऊन जा म्हणलं." दत्तराव हसले. "आता त्याची पण चौकशी का?"

"दिलाय मी," व्यंकटराव म्हणाले. "पडूनच होता."

"काका, मला फक्त थोडा वेळ द्या. सगळ्यांनी आत या. कासामावशी, तुमीपण."

"मी आत येनार न्हाई," कासाबाई म्हणाली. "खिडकी उघड. हितून ऐकते."

दैवशालानं खिडकी सताड उघडली. कमलबाईंकडून त्यांची दुसरी माळ मागून घेतली, पितळी डब्यात घातली, झाकण फिरवून डबा लॉकरमध्ये होता तिथे ठेवला. नॉब दहावर. फोनवर त्रेचाळीस.

खोली घुमली आणि कपाटातून आवाज आला: छन छन छन छन.

तिनं माळ काढून घेतली, रिकामा डबा परत ठेवला. तोच सूर. नॉब बारावर नेला. कपाटातून काहीच ऐकू आलं नाही.

"सोमवारी अकरा वाजता डबा वाजत होता," ती म्हणाली. "काकूंनी स्वतः उघडून बघितला. मंगळवारी सकाळी दहाला, जास्त आवाजातसुद्धा, तो वाजला न्हाई. माझ्या वहीत त्याच दिवशी लिहिलंय. म्हणजे माळ काल गेली न्हाई. सोमवार दुपार ते मंगळवार सकाळ, ह्या वेळात गेली." ती खिडकीकडे वळली. "मावशी, तवा तुमी कुठं होता?"

"पेडगावला. भनीच्या नातवाचं बारसं होतं. सोमवारी सकाळी नऊलाच काम आटपून यष्टीनं गेले ते बुधवारी सकाळी आले."

"खरंय," कमलबाई हळूच म्हणाल्या. "सोमवारी तू यायच्या आधीच गेली होती ती. मंगळवारी धुणं-फरशी मीच केली."

गच्चीवरून चांगुणाबाईंचा आवाज आला, "अग बया! मग आमच्यासमोर तिची पिशवी कशाला झाडली?"

व्यंकटराव जागच्या जागी उभे होते. गाडीचा हिशेबाबाहेरचा डबा दिसावा तसे ते एकेका माणसाकडे बघत होते. मग त्यांची नजर दत्तरावांवर थांबली.

"दत्ता. तू मंगळवारी संध्याकाळी माळ डोळ्याला लावली म्हणलास."

"दिवस चुकला असंल, नाना. सोमवार असंल."

"नकाशा मी तुला मंगळवारीच काढायला सांगितला. सोमवारी किल्ली मी दिली न्हवती." व्यंकटरावांचा आवाज खाली गेला. "सोमवारी दुपारी आमी सगळे सुताराकडं गेलो होतो. तू प्रवासानं दमलो म्हणून घरी झोपला होतास."

"आता एका ठोकळ्याच्या आवाजावर तुमी रक्ताच्या माणसाला चोर ठरवणार? झडती घ्या माझी!" दत्तरावांनी खिसे उलटे केले, आपली बॅग सोफ्यावर ओतली. धोतरं, टॉवेल, चष्म्याची डबी. "कुठंय माळ? दाखवा!"

बॅगेत माळ नव्हती, आणि दत्तराव ताठ मानेनं टेम्पोकडे चालू लागले.

६

"काका," दैवशाला त्यांच्या पाठीला उद्देशून म्हणाली, "जानेवारीत कूलर कशाला लागायलाय?"

त्यांचं पाऊल अडखळलं.

तिनं सबवूफरची वायर काढली, ठोकळा छातीशी धरून उचलला आणि ओसरी उतरून फाटकाकडे निघाली. महारुद्र एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन तिच्यामागे धावला. फाटक हॉलपासून दहा पावलांवर होतं. एवढ्या अंतरात गाठ तुटायला नको. टेम्पोच्या मागच्या चाकाजवळ तिनं ठोकळा मातीवर ठेवला, प्लग लावला. निळा दिवा लुकलुकला. लुकलुकतच राहिला.

"लागत न्हाई वाटतं," दत्तराव म्हणाले. "चल रे नागसेन."

नागसेननं किल्लीला हात लावला नाही. तो टेम्पोतून उतरून दिवा बघत होता.

दिवा स्थिर झाला.

"बेस कुठून येतो ते कानाला कळत न्हाई," दैवशाला गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. "पण त्यानं जी वस्तू थरथरती, ती आपली जागा सांगती. सगळे गप्प ऱ्हावा."

तिनं उतरता सूर सोडला. शंभर. टेम्पोची नंबरप्लेट खडखडली. महारुद्रनं ती हातानं दाबली. सत्तर. मागच्या फळक्याची साखळी वाजली. नागसेननं ती मुठीत धरली. साठ. काही नाही. पंचावन्न.

एक्कावन्नला कूलर बोलला. टिण टिण टिण टिण. बारीक आणि अखंड.

"हेच!" भक्ती किंचाळली. "हाच आवाज!"

दैवशालानं सूर तिथेच धरून ठेवला. नागसेननं दोरी सोडली, कूलरची मागची जाळी काढली, वाळ्याचं गवत बाजूला केलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पंप ज्या पट्टीवर बसतो तिला सुतळीनं काहीतरी बांधलेलं होतं आणि त्याचं खालचं टोक पत्र्यावर आपटत होतं. त्यानं सुतळी तोडली.

हात बाहेर आला तेव्हा मुठीतून सोन्याचे मणी लोंबत होते.

मग लाडू वळणाऱ्या बायकांपैकी एकीनं टाळी वाजवली आणि बघता बघता सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. चांगुणाबाई गच्चीवरून "घावली! घावली!" म्हणून ओरडत होत्या. महारुद्रनं दैवशालाच्या पुढ्यातला सबवूफर चक्क खांद्यावर उचलून धरला.

७

दत्तराव टेम्पोच्या फळकीवर बसले होते. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.

"आजीनं ती माळ माझ्या आईला द्यायची कबूल केली होती," ते म्हणाले. "आजीचं दुखणं माझ्या आईनं काढलं. पर आजी गेली तवा माळ तुमच्या घरात होती, तिथंच राहिली. आई मरंपर्यंत एकच म्हणायची, दत्ता, एकदा ती माळ हातात घेऊ दे."

"मग मला म्हणायचं होतं," व्यंकटराव म्हणाले. "मी तुझ्या हातात ठेवली असती. तू सांगून तरी बघायचं."

"नाना, चुकलं."

"माझं सोड. तू त्या बाईला रस्त्यावर आणलंस. तिला सांग."

दत्तराव कासाबाईसमोर आले. ती अजून बसलेलीच होती. त्यांनी हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला," कासाबाई म्हणाली. "मघाशी चोर म्हनताना आवाज लय मोठा होता तुमचा."

"माळ मी घेतली," दत्तराव मोठ्यानं म्हणाले. "ह्या बाईवर मी खोटा आळ घेतला."

कासाबाईनं मान हलवली आणि कमलबाईंकडे बघितलं. त्या अनवाणी, केस सुटलेल्या, फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांनी गल्लीकडे तोंड केलं. "आयकलं का सगळ्यांनी? कासाबाई चोर न्हाई. अकरा वर्षं जिच्या जिवावर घर टाकून गावाला गेले, तिच्यावर मी एका घटकेत अविश्वास दाखवला. चूक माझी हाय." आणि त्या तिच्याशेजारी मातीत बसल्या. "घरात चल."

"हळदीकुंकवाला बोलावलं तर यीन," कासाबाई म्हणाली. "कामाला न्हाई. धुन्या-फरशीला दुसरं घर बगते. आता मला कोन न्हाई म्हनंल?"

"आमच्याकडं ये!" गच्चीवरून चांगुणाबाई लगेच म्हणाल्या. समोरच्या दोघीही एकदम बोलल्या. कासाबाईला हसू आलं. दैवशालानं तिला हात दिला तेव्हा ती तो घट्ट धरून उठली आणि सोडायला तयार होईना.

"पोरी, तुला कसं कळलं ग?"

"मला न्हाई कळलं, मावशी. मी लिहून ठेवलं होतं तेवढंच."

शुक्रवारी दुपारी कमलबाई स्वतः मेंढपाळांच्या वस्तीवर बोलवायला गेल्या. संध्याकाळी चारला कासाबाई आली ती एकटी नाही. तिच्यामागे दोन सुना, एक नणंद, पेडगावहून मुद्दाम आलेली बहीण, अशा चार जणी होत्या, सगळ्यांच्या अंगावर नवी लुगडी. कपड्यांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. गल्लीतल्या बायकांनी खुर्च्या मागे सरकवल्या आणि वाट केली. कासाबाई त्या वाटेनं, कुठेही न थांबता, सरळ पुढच्या रांगेत जाऊन बसली. कमलबाईंनी कुंकवाचा करंडा उघडला आणि पहिलं बोट तिच्या कपाळाला लावलं.